गच्चीवरच्या शंभर फेऱ्या

फेब्रुवारी २०२० मध्ये माझ्या यजमानांची पुण्यात अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयातून निघताना हाती आलेल्या कागदावर, औषधांच्या यादीखाली, डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या होत्या : रोज पंचेचाळीस मिनिटे सपाटीवर चालावे, आणि सहा आठवड्यांनंतर बेताबेताने चढावर जाण्यास हरकत नाही. दुसरी ओळ वाचून यजमान त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. आमचे घर साताऱ्यात शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे, आणि चढ म्हटले की आम्हां दोघांच्या डोळ्यांपुढे एकच रस्ता येतो. गेली बावीस वर्षे आठवड्यातून निदान चार दिवस आम्ही पहाटे किल्ल्यावर जात होतो. मंगळाईच्या देवळापाशी थोडे टेकायचे, खाली जागे होत असलेले गाव पाहायचे आणि दूध येण्याच्या वेळेपर्यंत घरी परतायचे, असा आमचा क्रम होता.

ते सहा आठवडे मार्चच्या चौथ्या आठवड्यात पूर्ण होत होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ मार्चला राज्यभर संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून सगळा देश टाळेबंदीत गेला. त्यानंतरच्या दोन वर्षांत एका हृदयरुग्णाचे चालणे चालू ठेवण्यासाठी आम्हांला काय काय करावे लागले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते. कारण त्या काळाबद्दल रुग्णालये, प्राणवायू आणि लस यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु मोकळ्या हवेत चालण्यावर आलेल्या बंदीचा ज्यांच्या प्रकृतीशी थेट संबंध होता, त्यांची हकीकत फारशी कोठे वाचायला मिळाली नाही.

टाळेबंदीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पहाटे साडेपाचला, डॉक्टरांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आम्ही दोघे बाहेर पडलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. गोडोलीच्या बाजूला बंदोबस्तावर असलेल्या तरुण शिपायाने आम्हांला लांबूनच हात करून थांबवले. मी कागद पुढे केला, तेव्हा त्याने तो हातात न घेता बॅटरीच्या उजेडात पूर्ण वाचला आणि म्हणाला, "काकू, कागद खरा आहे. पण तुम्हांला सोडलं, तर मागून येणाऱ्यांना मी काय सांगू?" त्याच्या बोलण्यात अरेरावी नव्हती. रात्रभर उभे राहिल्याने त्याचे डोळे तांबारले होते. साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ चा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. या दोहोंच्या आधारे निघालेल्या आदेशांत जीवनावश्यक कामासाठी बाहेर पडण्याची मुभा होती, पण चालणे हे जीवनावश्यक काम आहे असे कोठेही म्हटलेले नव्हते. आदेश मोडणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा दाखल होत असे, आणि सकाळी फिरायला निघालेल्या लोकांवर ठिकठिकाणी कारवाई झाल्याच्या बातम्या आम्ही वाचत होतो. आम्ही मुकाट्याने मागे फिरलो.

त्या शिपायाचा प्रश्न माझ्या मनातून आजही गेलेला नाही. माझे मत असे आहे, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सरसकट बंदी घालण्यावाचून प्रशासनापुढे दुसरा मार्ग नव्हता. हा विषाणू कसा पसरतो, हेच तेव्हा पुरते कळलेले नव्हते, आणि रस्त्यावरच्या एकट्या माणसाला मुभा दिली असती तर त्याच्या मागोमाग चहाच्या टपरीभोवती दहाजण जमले असते, हेही खरे. परंतु ज्यांना वैद्यकीय सल्ल्याने चालणे भाग आहे, त्यांच्यासाठी प्रभागवार एखादी वेळ ठरवून देणे एप्रिलच्या मध्यापर्यंत शक्य होते, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. भाजीसाठी मंडईत दाटीवाटीने उभे राहणे नियमात बसत होते आणि निर्जन डोंगररस्त्यावर दोघांनी चालणे नियमाबाहेर होते, ही विसंगती मला फार लागली.

मग गच्ची उरली. आमची गच्ची दहा मीटर लांब आणि सात मीटर रुंद आहे. मी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे अंतर मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. कठड्यापासून अर्धा मीटर आतून चालल्यास एक फेरी बरोबर तीस मीटरची भरते. म्हणजे शंभर फेऱ्यांचे तीन किलोमीटर, आणि यजमानांच्या बेताच्या चालीने त्याला पाऊण तास लागतो. डॉक्टरांनी सांगितलेला वेळ नेमका तेवढाच होता. फेऱ्या मोजताना आकडा चुकू लागला, म्हणून मी वाटीत शंभर चिंचोके मोजून ठेवले. दर फेरीला एक चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा. चौथ्या दिवसापासून त्यांचा डावा गुडघा दुखू लागला, तेव्हा लक्षात आले, की सतत एकाच बाजूला वळल्याने भार एकाच पायावर येतो. त्यानंतर पन्नास चिंचोके झाले की दिशा बदलायची, असा नियम केला आणि दुखणे थांबले. एप्रिलच्या मध्यानंतर सात वाजताच फरशी तापू लागे, म्हणून वेळ पावणेसहाची केली. जिना चढताना दम लागतो का, हे मी रोज वहीत लिहून ठेवत असे.

गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा भोज याने बांधलेला, १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि १७०० मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यापुढे काही काळ हातचा गेलेला हा किल्ला आम्ही इतकी वर्षे पायांखालीच पाहिला होता. असा दुरून, रोज पाऊण तास, कधी पाहिला नव्हता. रस्त्यावर माणूस नसल्याने मोरांचे ओरडणे घरापर्यंत येई. यजमान दर फेरीत त्या कोपऱ्याशी आले की क्षणभर रेंगाळत, आणि मी खालून "अहो, थांबू नका" म्हणे. आसपासच्या गच्च्यांवरही माणसे फिरताना दिसू लागली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे किल्ल्याच्या वाटेवर केवळ नमस्कारापुरती ओळख होती, ते कठड्यावरून एकमेकांना फेऱ्यांचा आकडा विचारू लागले.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी येऊ लागले. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतल्या कितीतरी घरांतले कमावते माणूस मुंबईत असते, हे साताऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. वेशींवर काटेकुटे टाकून वाटा अडवल्याचे आणि आलेल्यांना शाळेच्या खोल्यांत ठेवल्याचे आम्ही नातेवाइकांकडून ऐकत होतो. त्या दिवसांत फिरायला जाता येत नाही अशी तक्रार करायचीही लाज वाटे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण लाज वाटली म्हणून रक्तवाहिनीतला स्टेंट थांबत नाही.

३१ मे रोजी राज्य सरकारने 'मिशन बिगिन अगेन' हा आदेश काढला. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मोकळ्या जागी एकट्याने व्यायाम करण्यास परवानगी मिळाली. आदेशाची प्रत मी मुद्दाम मिळवून ओळीने वाचली. सामूहिक व्यायामाला मनाई होती, घराजवळचीच जागा वापरावी आणि गर्दीच्या जागा टाळाव्यात असे सुचवले होते, आणि सायकल चालवण्यास उत्तेजन द्यावे, कारण तीत अंतर आपोआप राखले जाते, असेही म्हटले होते. हे वाक्य वाचून मला फार बरे वाटले. जे गच्चीवर चालताना मनात येत होते, ते कोणीतरी सरकारी भाषेत मान्य केले होते. पहिल्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंतच गेलो. यजमानांनी रस्त्याकडेच्या खडकाला हात लावला आणि आम्ही परतलो.

जूनच्या अखेरीस पुण्याला तपासणीसाठी जायचे होते, आणि जिल्ह्याबाहेर जायचे म्हणजे ई-पास हवा होता. पोलिसांच्या संकेतस्थळावर नाव, गाडीचा क्रमांक, सहप्रवाशांची संख्या, प्रवासाचे कारण, निघण्याची व परतण्याची तारीख भरायची, छायाचित्र आणि कागदपत्रे ठरलेल्या आकारात बसवून जोडायची, आणि मिळालेला टोकन क्रमांक जपून ठेवायचा, अशी ती पद्धत होती. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. कारणाच्या रकान्यात मी 'वैद्यकीय तपासणी' एवढेच लिहून जुना डिस्चार्जचा कागद जोडला होता. दुसऱ्या वेळी रुग्णालयाकडून तपासणीची तारीख घातलेले पत्र मागवले, आमच्या डॉक्टरांकडून दोघांनाही ताप-खोकल्याची लक्षणे नसल्याचा दाखला घेतला, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये जोडून पाठवले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पास मिळाला. पुढे ज्यांनी ज्यांनी मला विचारले, त्यांना मी हेच सांगत गेले, की कारण एका ओळीचे असले तरी चालते, मात्र त्यावर तारीख असलेला कागद हवा.

खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून शिरवळला पोहोचलो, तेव्हा नाक्यावर पास, ओळखपत्र आणि शरीराचे तापमान तपासले गेले. पुढे सारोळ्याचा पूल ओलांडला. नीरा नदी ही सातारा आणि पुणे जिल्ह्यांची सीमा, हे मी मुलांना नकाशावर काठी ठेवून शिकवत असे. ती सीमा ओलांडण्यासाठी कधी काळी परवाना लागेल, असे स्वप्नातही आले नव्हते. तपासणी समाधानकारक निघाली. परतताना खंबाटकीचा घाट चढून वर आलो, तेव्हा पावसाने डोंगर हिरवे झाले होते आणि यजमान म्हणाले, "दोन मिनिटं उतरू या का?" पासावर साताऱ्याहून पुणे आणि पुण्याहून सातारा एवढेच लिहिले होते. मी गाडी थांबवू दिली नाही. त्याची चुटपुट अजून आहे; दोन मिनिटांनी कोणाचे काही बिघडले नसते.

पुण्यात तेव्हा रुग्णसंख्या झपाट्याने वाढत होती, म्हणून परतल्यावर आम्ही स्वतःहून चौदा दिवस घराबाहेर पडलो नाही. म्हणजे हृदयाची तपासणी केली, आणि त्यापायी त्याच हृदयासाठी नुकतेच सुरू झालेले चालणे पुन्हा गच्चीवर आले. चिंचोक्यांची वाटी मी फेकली नव्हती, हे बरे झाले.

जुलैत चिरंजिवांचा पुण्याहून फोन आला. मार्चपासून त्याने आम्हांला पाहिले नव्हते. त्याचे म्हणणे असे, की वडिलांच्या आजारपणाचे कारण दाखवून पास सहज मिळेल, एक-दोन मित्रही बरोबर येतील, आणि ऑगस्टअखेर सगळ्यांना कासला जाऊन येता येईल. असे पास काढून देणारे मध्यस्थ आहेत, हेही त्यानेच सांगितले. मी त्याला नाही म्हटले. आई म्हणून ते मला किती जड गेले, हे येथे लिहिण्याची गरज नाही. पण ज्या कारणासाठी आम्ही खरोखर दोनदा अर्ज केला होता, तेच कारण सहलीसाठी खोटे लावले गेले, तर उद्या खऱ्या रुग्णाचा कागद संशयाने पाहिला जाईल, एवढे मला स्पष्ट दिसत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका मोठ्या घराण्यातली माणसे शिफारसपत्राच्या बळावर पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला आल्याची बातमी जिल्ह्यात सर्वांच्या तोंडी होती, आणि त्या वेळी घरोघर जो संताप व्यक्त झाला, त्यात मीही होते. तो संताप दुसऱ्यांपुरता ठेवणे मला जमले नाही. चिरंजीव दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, आणि त्याने बाबांच्या फेऱ्या विचारल्या.

२ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेरच्या प्रवासासाठी ई-पासची अट रद्द झाली. त्या आठवड्यात तो आला. दाराबाहेर उभा राहून त्याने आधी हात धुतले, मग सहा हातांवरूनच वडिलांना नमस्कार केला. कास पठार त्या हंगामात पर्यटकांसाठी बंदच होते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तेथे हंगामात गाड्यांच्या रांगा लागत. त्या वर्षी फुलांनी माणसांवाचून बहर काढला. आम्ही यवतेश्वरचा घाट चढून थोडे पुढे गेलो, रस्त्याकडेला जेवढी सोनकी आणि तेरडा फुलला होता तेवढा पाहिला आणि गाडीतच डबा खाऊन परतलो. यजमानांना त्या दिवशी दहा पावलेही चढू दिली नाहीत, कारण वारा फार होता.

बंदीची दुसरी बाजू मला नोव्हेंबरात बामणोलीला कळली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांना तेथून नावेने पलीकडे नेतात, आणि पुढे वनखात्याच्या परवानगीने कोयना अभयारण्यातून चढायचे असते. आम्ही वासोट्याला जाणार नव्हतो. केवळ पाण्याकाठी बसायला गेलो होतो. तेथील एका नावाड्याने सांगितले, की पावसाळ्यात वासोटा तसाही बंद असतो, त्यामुळे दिवाळी ते मे एवढीच त्यांची कमाई. त्यातले मार्च, एप्रिल, मे गेले आणि नावेचे हप्ते मात्र चालू राहिले. कोयनेच्या धरणात त्याच्या आजोबांची जमीन गेली होती, आणि ज्या पाण्याने ती घेतली त्याच पाण्यावर त्याचे पोट होते. आमच्या चालण्याचा प्रश्न त्याच्यापुढे मांडावा, असे मला वाटले नाही.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सारे बंद झाले. 'ब्रेक द चेन' या नावाने निघालेल्या आदेशांनी १४ एप्रिलच्या रात्री आठपासून संचारबंदी आणली आणि २२ एप्रिलपासून जिल्ह्याबाहेरच्या प्रवासावर निर्बंध येऊन पुन्हा ई-पास आला. मात्र या वेळी प्रश्न चालण्याच्या परवानगीचा राहिला नाही, कारण त्याच आठवड्यात आम्ही दोघेही बाधित झालो. संग्रहालयाच्या इमारतीत उभारलेल्या जम्बो कोविड रुग्णालयात खाट मिळणे कठीण झाले होते, आणि लक्षणे सौम्य असल्याने आम्हांला घरीच राहण्यास सांगितले. तेथे चालणे पुन्हा आले, पण निराळ्या रूपात. बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायूचा आकडा पाहायचा, मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा पाहायचे. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी पुरे. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीच्यापेक्षा तीनहून अधिक उतरला, तर रुग्णालय गाठायचे. यजमान त्रेसष्ट वर्षांचे होते. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ते चालत, आणि मी घड्याळ धरून भिंतीला टेकून उभी असे, कारण मलाही उभे राहवत नव्हते. त्या तीन मिनिटांइतकी लांब चाल मी आयुष्यात पाहिली नाही. सहाव्या दिवशी त्यांचा आकडा ९७ वरून ९४ वर आला आणि तेथेच थांबला. दुसऱ्या दिवशी ९५ होता. गच्चीवरच्या शंभर फेऱ्या त्या फुप्फुसांच्या कामी आल्या, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण मी तसे मानते.

७ जूनपासून पाच स्तरांची पद्धत सुरू झाली. बाधितांची टक्केवारी आणि प्राणवायूच्या किती खाटा भरल्या आहेत, यांचा हिशेब दर गुरुवारी जाहीर होई आणि त्यानुसार जिल्ह्याचा स्तर सोमवारपासून लागू होई. पहिल्या दोन स्तरांत मोकळ्या जागी फिरण्यावर वेळेचे बंधन नव्हते. तिसऱ्या स्तरात रोज पहाटे पाच ते नऊ, चौथ्यात केवळ सोमवार ते शुक्रवार त्याच वेळी, आणि पाचव्यात पूर्ण बंदी. ही रचना मला पहिल्या वर्षीच्या सरसकट बंदीपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटली, कारण तीत चालणाऱ्याला काय मिळेल आणि कशामुळे मिळेल, हे दोन्ही कळत होते. शुक्रवारच्या वर्तमानपत्रात आम्ही प्रथम स्तर पाहत असू. साताऱ्याची टक्केवारी लवकर उतरेना. ऑगस्टच्या आरंभी राज्यातील बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांत ते तसेच राहिले, त्यांत आपला जिल्हा होता.

पहाटे पाच ते नऊच्या त्या मुभेत आम्ही किल्ला पुन्हा पहिल्यापासून चढायला शिकलो. जूनमध्ये पहिले वळण. जुलैत, छत्री घेऊन, दुसरे. दर वळणाला थांबून ऑक्सिमीटर लावायचा आणि ९४ च्या खाली असेल तर तेथूनच परतायचे, असा करार होता, आणि यजमानांनी तो एकदाही मोडला नाही. दसऱ्याच्या आधल्या दिवशी आम्ही मंगळाईच्या देवळापर्यंत पोहोचलो. रस्त्यावर नेहमी भेटणाऱ्यांपैकी दोघे आता नव्हते. त्यांची जागा कोणती, हे सर्वांना ठाऊक असल्याने त्या कट्ट्यावर कोणी बसत नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेचे निर्बंध आले. १० तारखेपासून लागू झालेल्या आदेशात प्राणिसंग्रहालये, वस्तुसंग्रहालये, किल्ले आणि तिकीट लावून प्रवेश असलेली इतर स्थळे बंद केलेली होती. अजिंक्यताऱ्याला तिकीट नाही, पण तो किल्ला आहे. आदेशातील 'इतर' हा शब्द किल्ल्यांनाही तिकिटाच्याच अटीत बसवतो की नाही, यावर सकाळच्या मंडळींत दोन दिवस चर्चा झाली, आणि दोन्ही अर्थ निघू शकतात असे ठरले. आम्ही दोघांनी आपल्यापुरता निर्णय घेतला, की रस्ता हा रस्ता आहे आणि दरवाजापासून किल्ला सुरू होतो. रोज दरवाजापर्यंत जायचे, उंबऱ्याला हात लावायचा आणि परतायचे. काहींना ते अनावश्यक वाटले. यजमान मात्र म्हणाले, की कोपऱ्यावरून नुसते पाहण्यापेक्षा हे पुष्कळ आहे.

फेब्रुवारीत ती बंदी उठली. त्या सकाळी धुके होते आणि दूरदर्शनचा मनोरा दिसत नव्हता. दरवाजाशी आल्यावर सवयीने माझा हात उंबऱ्याकडे गेला आणि मी वळलेच होते. यजमान तोपर्यंत आत चार पावले चढले होते. त्यांनी मागे पाहिले नाही. फक्त खिशातून ऑक्सिमीटर काढून, न लावताच, पुन्हा खिशात ठेवला.